असहमत माणसाला धर्मात स्थान काय?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

धर्माचे समाजातील स्थान या विषयावर आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे चर्चा चालू आहे. धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब असून ती घराच्या उंबरठ्याआड ठेवावी, असे काही पत्रलेखकांचे म्हणणे आहे. तर धर्म हाच समाजाचा पाया असून तो काढून घेतल्यास माणसे एकमेकांना बांधून ठेवणारे काहीच उरणार नाही, असे इतरांचे म्हणणे आहे. दोन्ही बाजूंची पत्रे तळमळीने लिहिलेली आहेत आणि दोन्हींत तथ्यांश आहे. तरीही या साऱ्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न कोणी विचारलेला नाही. धर्माच्या नावाने चालणाऱ्या समूहाला जो माणूस ‘मला हे मान्य नाही’ असे सांगतो, त्याचे पुढे काय होते, हा तो प्रश्न. धर्म आणि समाज यांच्या नात्याचा विचार करणाऱ्याने आपले तत्त्वज्ञान या प्रश्नाच्या उत्तरावर तपासून घ्यावे, असे माझे मत आहे आणि ते थोडे विस्ताराने मांडण्याची परवानगी मी आपल्याकडे मागतो.

प्रथम ‘खासगी बाब’ या भूमिकेविषयी. ही भूमिका ऐकायला सभ्य आणि समंजस वाटते. परंतु आपल्या देशाच्या बाबतीत ती वस्तुस्थितीला धरून नाही. २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत व्यक्तिगत कायद्यांवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच गोष्ट सांगितली होती. या देशातल्या धर्मकल्पना इतक्या व्यापक आहेत की जन्मापासून मृत्यूपर्यंतचे आयुष्याचे एकही अंग त्यांनी मोकळे सोडलेले नाही, आणि म्हणूनच धर्माची व्याख्या श्रद्धा आणि मूलतः धार्मिक असलेले विधी एवढ्यापुरती आखून घेण्यात काही गैर नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढे बुद्धाच्या धम्माचे विवेचन करताना ते आणखी खोलात गेले. एकट्या माणसाला धम्माची गरज नसते. दोन माणसांचा एकमेकांशी संबंध आला की मात्र, त्यांना आवडो वा न आवडो, धम्म हवाच, असे त्यांनी मांडले. माणसामाणसांतल्या वागणुकीपासून सुटा असा धर्म त्यांच्या लेखी धर्मच नव्हता. धर्माची ही सामाजिक बाजू एकदा मान्य केली की ‘आमचा खासगी मामला आहे, तुम्ही विचारू नका’ असे म्हणण्याचा मार्ग बंद होतो. जे समाजात वावरते त्याला समाजाने प्रश्न विचारायचे असतात.

‘समाजाचा पाया’ ही दुसरी भूमिकाही मी हलक्याने घेत नाही. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, पवित्र मानलेल्या गोष्टींभोवतीच्या श्रद्धा आणि आचार माणसांना एका नैतिक समूहात गुंफतात, असे धर्माचे स्वरूप सांगितले. आषाढीच्या वाटेवर चाललेली दिंडी ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. मी स्वतः वारकरी घरात वाढलो आहे, आणि ओळखदेख नसलेल्या माणसाच्या पायांवर डोके ठेवण्याची जी रीत त्या वाटेवर आहे, तिच्याइतकी माणसाचा अहंकार उतरवणारी दुसरी रीत मला ठाऊक नाही. परंतु बांधून ठेवण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती आहे, त्याच्याच हाती तोडून टाकण्याचेही सामर्थ्य असते, हे धर्माला समाजाचा पाया म्हणणारे विसरतात. चोखोबा पंढरीला गेले, विठ्ठलावर त्यांनी जीव ओवाळून टाकला. पण देवळात त्यांना प्रवेश नव्हता. आज त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, म्हणजे देवळाच्या बाहेरच आहे. ते दार सर्वांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. एकाच परंपरेने माणसांना जवळ केले आणि त्याच परंपरेच्या दाराशी माणसांना अडवले गेले. यातली एकच बाजू सांगणारे सत्याला न्याय देत नाहीत.

समूहातून काढून टाकण्याचा अधिकार किती असावा, यावर युरोपात सतराव्या शतकात फार गंभीर विचार झाला. २७ जुलै १६५६ रोजी ॲमस्टरडॅममधल्या पोर्तुगीज ज्यू समाजाने पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेल्या तेवीस वर्षांच्या बारूख स्पिनोझाला बहिष्कृत केले. कोणी त्याच्याशी बोलू नये, त्याला पत्र लिहू नये, त्याच्यासह एका छपराखाली राहू नये, त्याच्यापासून चार हातांच्या आत येऊ नये आणि त्याने लिहिलेले काही वाचू नये, असा तो हुकूम होता. स्पिनोझाने माफी मागितली नाही आणि दुसरा कोणता पंथही स्वीकारला नाही. भिंगे घासण्याचे काम करीत तो जगला आणि १६७० मध्ये, ग्रंथावर स्वतःचे नाव न घालता, विचार करण्याचे व बोलण्याचे स्वातंत्र्य दिल्याने राज्याची शांतता बिघडत नाही, उलट ते हिरावून घेतल्यानेच ती बिघडते, हे प्रतिपादन त्याने जगापुढे ठेवले. हे त्याला शक्य झाले, याचे एक कारण मी महत्त्वाचे मानतो. समाजाने बाहेर काढल्यावर पाय टेकायला त्याला ‘बाहेर’ नावाची जागा उपलब्ध होती. हॉलंडमध्ये कोणत्याही धर्मसमूहात न राहता घर भाड्याने घेता येत होते, धंदा करता येत होता, मित्र जोडता येत होते.

पुढे १६८९ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सहिष्णुतेवरील आपल्या प्रसिद्ध पत्रात या अधिकाराची सीमा आखून दिली. आपले नियम सतत मोडणाऱ्या सभासदाला काढून टाकण्याचा अधिकार कोणत्याही चर्चला आहे, हे त्याला मान्य होते. पण त्या काढून टाकण्याने माणसाच्या शरीराला, मालमत्तेला किंवा नागरिक म्हणून असलेल्या त्याच्या कोणत्याही हक्काला धक्का लागता कामा नये, अशी अट त्याने घातली. त्यासाठी त्याने दिलेला दाखला फार मार्मिक आहे. प्रार्थनेतला पवित्र पाव आणि द्राक्षरस धर्मगुरूने बहिष्कृताला दिला नाही, तर त्यात त्याचे नागरी नुकसान होत नाही, कारण तो पाव आणि तो रस त्याच्या पैशाने आणलेला नसून इतरांच्या पैशाने आणलेला असतो. (नास्तिकांना मात्र लॉकने सहिष्णुतेच्या कक्षेबाहेर ठेवले, ही त्याच्या विचारातली मोठी उणीव आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही.) लॉकचे हे सूत्र मला तत्त्वतः मान्य आहे. अडचण एवढीच की उपासनेचा समूह वेगळा आणि जगण्याचा समूह वेगळा, हे त्यात गृहीत धरलेले आहे. आपल्याकडे हे दोन्ही समूह शतकानुशतके एकच राहिले आहेत.

पुण्यात १८९० साली जे घडले ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. १४ ऑक्टोबर रोजी पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. तिथे चहा-बिस्किटे देण्यात आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. हे सारे जमवून आणणाऱ्या गोपाळराव जोश्यांनी नंतर उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचे प्रकरण, उभे राहिले. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. ज्यांनी प्रायश्चित्त घेतले नाही त्यांच्या घरी श्राद्धाला, मुंजीला, लग्नाला पुरोहित मिळेनासे झाले आणि सासरी गेलेल्या लेकींना माहेरी पाठवणे बंद होण्यापर्यंत गोष्टी गेल्या. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवले. रानड्यांनी १८९२ मध्ये, सोबतच्या मित्रांच्या घरची कोंडी पाहून, प्रायश्चित्त घेतले. उच्च न्यायालयाच्या न्यायासनापर्यंत पोहोचणारा माणूस, प्रार्थना समाजाचा आधारस्तंभ, ईश्वर आणि भक्त यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही असे आयुष्यभर मानणारा विचारवंत, एका चहाच्या पेल्यापायी वाकला. रानड्यांना त्याबद्दल दोष देणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मी त्यांना दोष देत नाही. ज्या व्यवस्थेने विचारवंताला थेट न गाठता त्याच्या मित्राच्या लेकीच्या माहेरपणावर बोट ठेवले, ती व्यवस्था मला दोषी वाटते. बहिष्काराची पद्धत नेमकी अशीच आहे. शिक्षा मत मांडणाऱ्याला होते असे वरकरणी दिसते, पण तिचे चटके त्याच्या आईला, बायकोला आणि मुलांना बसतात, आणि शेवटी त्याच्याच घरातून त्याच्यापुढे हात जोडले जातात.

महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्यावर मुरुड या त्यांच्या गावाने त्यांच्या घरावर बहिष्काराचा ठराव केला, तेव्हाही वृद्ध आईलाच सर्वांत जास्त सोसावे लागले. आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली.

उच्चवर्णीय सुधारकांच्या वाट्याला आलेले हे दुःख खरेच होते, पण त्यांना पुणे होते, मुंबई होती, नोकरी होती. गावकुसाबाहेरच्या माणसाला यांतले काहीच नव्हते. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या आपल्या अहवालात, या वर्गांनी हक्क बजावायचा प्रयत्न केला की त्यांच्यावर चालवले जाणारे सर्वांत परिणामकारक हत्यार म्हणजे सामाजिक बहिष्कार, असे नोंदवले. डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. गावाने मजुरी बंद करायची, वाण्याने धान्य द्यायचे नाही, रस्ता अडवायचा; अंगाला हात न लावता माणूस उपाशी ठेवायचा. गोलमेज परिषदेपुढे मांडलेल्या मागण्यांत बाबासाहेबांनी, ब्रह्मदेशात १९२२ साली झालेल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेऊन, सामाजिक बहिष्कार हा फौजदारी गुन्हा ठरवावा, असा आग्रह धरला. १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या पण प्रत्यक्षात कधीच होऊ न शकलेल्या भाषणातही त्यांनी हाच मुद्दा मांडला: बंडखोराला जातीबाहेर टाकणे हा कायद्याने शिक्षापात्र गुन्हा असायला हवा, प्रत्यक्षात कायदाच जातीला आपले सभासद ठरवण्याची आणि असहमताला हाकलण्याची मुभा देतो.

कायदा त्या काळी किती खोलवर जातीच्या आणि पुरोहिताच्या बाजूने उभा होता, याचे एक उदाहरण आजच्या वाचकांना नवल वाटावे असे आहे. ग्रामजोश्याचे, म्हणजे गावच्या वंशपरंपरागत पुरोहिताचे, वतन असलेल्या गावात यजमानाने त्याला न बोलावता दुसऱ्याकडून लग्न लावून घेतले, तरी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी तो जोशी दिवाणी न्यायालयात दावा लावू शकत असे आणि न्यायालये तो हक्क मानीत असत. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन करून भटाविना लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा वधूवरांनी एकमेकांना मराठीत प्रतिज्ञा द्याव्यात, एवढे साधे कृत्य प्रत्यक्षात धर्म, मिळकत आणि कायदा या तिन्हींशी टक्कर घेत होते. ग्रामजोश्यांचा हा हक्क मुंबई कायदेमंडळाने कायदा करून संपवला, त्याला १९२६ साल उजाडले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध पाऊल उचलले. १९४९ च्या मुंबई बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने, कोणत्याही जमातीने आपल्या सभासदाला बाहेर टाकून त्याचे हक्क काढून घेणे अवैध ठरवले. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि जानेवारी १९६२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो कायदा रद्द केला. धार्मिक कारणासाठी बहिष्कृत करण्याचा अधिकार हा संविधानाच्या अनुच्छेद २६ नुसार धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबींचा कारभार पाहण्याच्या मिळालेल्या हक्काचा भाग आहे, असे बहुमताने ठरवले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे विरुद्ध मताचे होते. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, त्याला समाजाच्या दफनभूमीत जागा मिळण्याचाही भरवसा राहत नाही, आणि म्हणून हा कायदा अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७ च्या आज्ञेशी सुसंगत आहे, असे त्यांनी लिहिले. मला व्यक्तिशः असे वाटते की त्या निकालात धर्माचे खरे तत्त्वज्ञान कोणी लिहिले असेल तर ते सिन्हांनी. बहुमताने ‘हा आचार धर्माला आवश्यक आहे का’ असे धर्मशास्त्राला विचारले. सिन्हांनी ‘या आचाराने माणसाचे काय होते’ असे माणसाकडे पाहून विचारले. बहुमताच्या त्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न पुढे अनेक वर्षे रेंगाळला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

दरम्यान महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर ३ जुलै २०१७ पासून तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. जातपंचायतींच्या निवाड्यांनी उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांनी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अनेक वर्षे चालवलेल्या लढ्याचे ते फळ होते. रायगड जिल्ह्यातली वाळीत प्रकरणे त्याआधी उच्च न्यायालयापर्यंत गाजली होती.

पण कायद्याची कलमे वाचून हा प्रकार नेमका कसा दिसतो ते कळत नाही, म्हणून मी कोकणातल्या एका गावातले पाहिलेले सांगतो. गावाचे नाव लिहिण्याचे कारण नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून बाहेर पडते आणि मानाप्रमाणे घरोघर जाते. मुंबईचे चाकरमानी त्यासाठी रजा काढून येतात. अंगण सारवून ठेवलेले असते, घरातल्या बायका ओटीचे सामान सुपात मांडून बसतात, पालखी अंगणात आली की नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाते आणि वर्षभराचे दुखलेखुपलेले देवीच्या कानावर घातल्याचे समाधान मिळते. त्या गावातल्या एका घराला गावकीने वाळीत टाकले होते, कारण घरातल्या मुलाने देवस्थानच्या जमिनीच्या उत्पन्नाचा हिशेब मागितला होता. पालखी शेजारच्या अंगणात थांबली, वाजत गाजत तशीच पुढे निघाली आणि या घरासमोरून न थांबता पलीकडच्या अंगणात शिरली. घरातली वृद्ध बाई खण-नारळाचे सूप घेऊन दारात उभी होती. ती रडली नाही. तिने घाटीपर्यंत जाणाऱ्या पालखीला तिथूनच हात जोडले आणि सूप आत नेऊन ठेवले. त्याच घरात पुढे मुलीचे लग्न निघाले, तेव्हा गावकीची मोठी पातेली, हंडे आणि जाजमे मिळाली नाहीत, आणि पत्रिकेवर घालायला भावकीतले एकही नाव तयार झाले नाही.

लॉकच्या दाखल्याशी हे ताडून पाहावे. तिथला पाव इतरांच्या पैशाने आणलेला होता. इथली पातेली गावकीच्या ज्या वर्गणीतून घेतली गेली, त्या वर्गणीत या घराच्या दोन पिढ्यांचे पैसे होते. पालखीला रंग द्यायचा खर्च त्यांनीही उचलला होता. देवीच्या उत्सवातून वगळणे हा गावकीचा ‘धार्मिक बाबींचा कारभार’ म्हणायचा आणि भांडी नाकारणे हा ‘सामाजिक’ व्यवहार म्हणायचा, अशी विभागणी कोर्टात करता येईल. त्या दारात उभे राहून करता येत नाही. मुळात हा निर्णय देवीने केलेला नव्हता. तो ज्यांच्याकडे जमिनीचा हिशेब होता त्यांनी, रात्रीच्या बैठकीत, हात वर करून केला होता. धर्मावर टीका झाली की अस्वस्थ होणाऱ्या श्रद्धावंतांना माझी कळकळीची विनंती आहे की, देवीचा अपमान कोणत्या कृत्याने झाला याचा त्यांनी शांतपणे विचार करावा: हिशेब मागण्याने, की भक्ताच्या दारावरून तिची पालखी वळवून नेण्याने.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. कोणत्याही संप्रदायाला आपली ओळख, आपली दीक्षा, आपला आचार राखण्याचा हक्क नको काय? माळ घालून मांसाहार करणाऱ्याला फडाने कीर्तनाला उभे करायचे काय? ज्याचा ज्यावर विश्वासच नाही, त्याला त्या विश्वासाचा प्रवक्ता म्हणून का मानायचे? हा हक्क संप्रदायाला असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्याला कीर्तनाच्या गादीवरून उतरवणे, दीक्षा नाकारणे, धर्मोपदेशकाच्या पदावरून दूर करणे, हे संप्रदायाचे काम आहे आणि सरकारने किंवा न्यायालयाने त्यात उठसूट शिरू नये. परंतु पद काढून घेणे वेगळे आणि माणूसपण काढून घेणे वेगळे. त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, त्याच्या मयताला खांदा द्यायचा नाही, त्याच्या मुलीची सोयरीक मोडायची, त्याच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, आईने मुलाशी आणि नवऱ्याने बायकोशी संबंध तोडायचा, या आज्ञा ज्या क्षणी निघतात त्या क्षणी धर्माचा कारभार संपतो आणि दुसऱ्या माणसाच्या आयुष्यावरची मालकी सुरू होते. ही सीमा ओळखणे काही प्रकरणांत अवघड असेल. बहुसंख्य प्रकरणांत ती अंध माणसालाही जाणवेल इतकी ठळक असते. हे कोणत्या एका धर्माला लागू आहे आणि दुसऱ्याला नाही, असेही नाही. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा जोतीरावांच्या संस्थेचे नाव त्यांनी समजून-उमजूनच घेतले होते, आणि त्यांनाही आपल्याच समाजाच्या रोषाला तोंड द्यावे लागले.

जोतीरावांकडेच पुन्हा जातो, कारण या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत धीट उत्तर त्यांचे आहे. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहून त्यांनी पूर्ण केलेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. घरातल्या स्त्रीने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून हवे तर तो धर्म स्वीकारावा, तिच्या पतीने बायबल वाचून हवे तर ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून हवे तर मुसलमान व्हावे आणि मुलाने सत्यधर्माचे पुस्तक वाचून हवे तर सत्यधर्मी व्हावे. आणि या चौघांनी एकमेकांच्या धर्माचा द्वेष न करता, आपण सारे एकाच निर्मीकाची, म्हणजे निर्मात्याची, लेकरे आहोत हे जाणून, प्रेमाने एका घरात नांदावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मराठीत, पुण्यात बसून हे लिहिले गेले. यात धर्म उंबरठ्याआड लपवलेला नाही. घरातले प्रत्येक माणूस आपला धर्म उघडपणे, वाचून, विचार करून निवडते. त्याचबरोबर त्यातला कोणताही धर्म घराचा मालक नाही. बायकोला आणि मुलीला स्वतःचा धर्म निवडण्याचा नवऱ्याइतकाच अधिकार आहे, हे आजही किती घरांत मान्य होईल याचा वाचकांनी स्वतःशी विचार करावा. स्पिनोझाला बाहेर पडल्यावर जागा मिळाली. जोतीरावांनी असहमत माणसाला घराबाहेर न काढता घरातच जागा दिली, आणि मला हे पाऊल पुढचे वाटते.

शेवटी, संपादक महाशय, आपल्याकडे एक मागणी. वाळीत टाकल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात जिल्हा पानावर चार ओळींत येतात, बहुधा गुन्हेवृत्ताच्या रकान्यात. आणि धर्मचिंतनाचे लेख रविवारच्या पुरवणीत येतात. या दोन पानांची एकमेकांशी गाठ पडत नाही. माझी विनंती आहे की, या विषयावरील चर्चा पुढे चालवताना आपण २०१६ च्या कायद्याखाली आपल्या जिल्ह्यात किती तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यांतल्या किती आरोपपत्रापर्यंत गेल्या, आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला निकाली काढावा ही तरतूद किती प्रकरणांत पाळली गेली आणि गावकीच्या दबावाखाली किती तक्रारदारांनी तक्रार मागे घेतली, याची माहिती आपल्या वार्ताहरांकडून मागवून छापावी. त्यासोबत ज्या कुटुंबांवर हा प्रसंग आला त्यांना, नाव गुप्त ठेवून, स्वतःच्या शब्दांत लिहायला जागा द्यावी. धर्म समाजासाठी काय करतो हे सांगणाऱ्या पत्रलेखकांनी आणि धर्म घरात ठेवा म्हणणाऱ्या पत्रलेखकांनी ती माहिती वाचून आपापली भूमिका पुन्हा मांडावी, मीही मांडेन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा